दहा हजार सहा टन

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा.)

सायलेंट हंटर नावाचा एक कॉम्प्युटर गेम आहे. त्याचा तिसरा भाग २००५ साली आला. वीस वर्षं होऊन गेली तरी तो खेळणारे लोक आहेत, आणि त्यातले काही आमच्या पांढरकवड्यातही आहेत. मला याचं नवल वाटतं. आमच्यापासून समुद्र कुठल्याही दिशेला गेलं तरी शेकडो किलोमीटर. पावसाळ्यात खुनी नदीला येतो तो पूर, एवढीच आमची मोठ्या पाण्याची ओळख. तरी इथलं एखादं पोट्टं रात्री बारा वाजता हेडफोन लावून अटलांटिक महासागरात इंग्रजांच्या मालवाहू बोटी बुडवत बसलेलं असतं.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तुम्ही दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीचे कप्तान. पेरिस्कोप वर काढायचा. क्षितिजावर बोट दिसली की ओळखपुस्तक उघडायचं, डोलकाठ्या मोजायच्या, धुराडं कुठे आहे ते बघायचं आणि बोट कोणत्या जातीची ते ठरवायचं. मग तिचा वेग, तिचं अंतर आणि तिच्या तोंडाचा आपल्याशी होणारा कोन. हे तीन आकडे जमले तर टॉर्पेडो बरोबर मध्यावर लागतो. एक जरी चुकला तरी तो पुढून नाहीतर मागून निघून जातो. बोट बुडाली की तुमच्या खात्यात तिचे टन जमा होतात. टन वाढले की मान वाढतो, मान वाढला की चांगली पाणबुडी मिळते.

गेमला नावं ठेवायला ही पोस्ट लिहीत नाही. उलट ही पोरं इतिहासाच्या पुस्तकापेक्षा जास्त शिकतात असं माझं मत आहे. पाण्याखाली पाणबुडी किती हळू चालते, म्हणून ती रात्री पाण्यावर येऊन हल्ला का करायची, बॅटरी संपत आली की काय होतं, हे शाळेत कोण सांगतं? पण त्या टनांच्या आकड्याबद्दल मला बोलायचंय. तो आकडा गेमवाल्यांनी मनाने काढलेला नाही. खरं युद्धसुद्धा त्याच आकड्यावर खेळलं गेलं, आणि त्या आकड्यात आपली माणसं बुडालेली आहेत.

आधी टन म्हणजे काय ते बघू, कारण इथे बहुतेकांची गफलत होते. बोटीचे टन म्हणजे वजन नव्हे. बोटीच्या आत बंदिस्त जागा किती, त्याचं ते माप. १०० घनफूट जागा म्हणजे एक टन. म्हणजे ‘पाच हजार टनांची बोट बुडवली’ याचा अर्थ पाच लाख घनफूट जागा समुद्रात गेली. त्या जागेत गहू होता, कापूस होता, दारूगोळा होता की ती रिकामीच परत चालली होती, याच्याशी हिशेबाला कर्तव्य नाही. माणसं किती होती याच्याशी तर नाहीच.

आता प्रश्न असा, की व्यापारी बोट बुडवायचीच कशाला? पकडून का नाही न्यायची?

आपल्या इतिहासात ती पकडायचीच रीत होती. कान्होजी आंग्रे कोकण किनाऱ्यावर परदेशी व्यापारी बोटींकडे दस्तक मागायचे. दस्तक नसलं की बोट धरून आणायची. इंग्रजांनी त्यासाठी त्यांना चाचा ठरवलं, आणि आपल्या समुद्रात आपलं दस्तक मागणाऱ्याला चाचा का म्हणायचं, हे त्यांना विचारायची सोय नव्हती. पण हिशेब साधा होता. बोट शाबूत राहिली तर माल मिळतो, बोट मिळते, माणसांचा दंड मिळतो. बुडवली तर हाती काहीच नाही.

पहिल्या महायुद्धात १९१४ साली एमडन ही जर्मन युद्धनौका बंगालच्या उपसागरात घुसली. तिने बोटी बुडवल्या, २२ सप्टेंबरला मद्रासच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या. दक्षिणेत तिची अशी दहशत बसली की तमिळ आणि मलयाळममध्ये आजही बेरकी, जबरदस्त माणसाला ‘एमडन’ म्हणतात. पण तिचा कप्तान म्युलर बोट बुडवण्याआधी खलाशांना उतरवून घ्यायचा आणि नंतर दुसऱ्या एखाद्या बोटीवर बसवून सोडून द्यायचा. त्याला ते जमायचं, कारण त्याच्याकडे जागा होती.

पाणबुडीत जागाच नसते. मधल्या आकाराच्या जर्मन पाणबुडीत चाळीस-पन्नास माणसं, आणि त्यांनाच आळीपाळीने एका अंथरुणावर झोपावं लागायचं. कैदी ठेवणार कुठे? पकडलेली बोट बंदरात न्यायला माणसं द्यायची कुठून? शिवाय पाणबुडीचा पत्रा पातळ. पाण्यावर येऊन ‘थांबा, कागद दाखवा’ म्हणायला गेलं आणि समोरच्या बोटीवर एक जरी तोफ लपवलेली असली, तर पाणबुडीच जायची. कायदा मात्र १९३६ साली लिहून ठेवला होता, जर्मनीनेही तो मान्य केला होता: खलाशी आणि प्रवाशांना सुरक्षित जागी पोचवल्याशिवाय व्यापारी बोट बुडवायची नाही. युद्ध सुरू झाल्यावर तो कागदावरच राहिला. जर्मन पाणबुड्यांचा सेनापती ड्योनिट्झ याच्यावर न्यूरेंबर्गला खटला चालला तेव्हा अमेरिकेच्या ॲडमिरल निमित्झने लेखी सांगितलं की पॅसिफिकमध्ये आम्हीही असंच केलं. ड्योनिट्झला दहा वर्षांची शिक्षा झाली, पण ती ठरवताना पाणबुडी-युद्धाचे नियम मोडल्याचा मुद्दा धरला गेला नाही. सगळेच त्यात होते.

तर ड्योनिट्झचं गणित असं. इंग्लंड हे बेट. खाणंपिणं, तेल, लोखंड, सगळं समुद्रातून येतं. इंग्रज आणि अमेरिकन मिळून महिन्याला जेवढ्या टनांच्या बोटी नव्या बांधतात, त्यापेक्षा जास्त टन आपण महिन्याला बुडवले की इंग्लंड उपाशी मरेल. बोट कुठली, कुठे चालली, भरलेली की रिकामी, याला महत्त्व नाही. जिथे स्वस्तात मिळेल तिथे बुडवा. टन मोजा. कप्तानांना पदकं टनांवर मिळायची, वर्तमानपत्रात फोटो टनांवर छापून यायचे. गेममधली मानाची पायरी तिथून आली आहे.

या हिशेबातला सगळ्यात मोठा महिना म्हणजे नोव्हेंबर १९४२. एकट्या जर्मन पाणबुड्यांनी त्या महिन्यात सात लाखांहून जास्त टन बुडवले. आणि त्याच महिन्यात, अटलांटिकपासून फार लांब, आपल्या अरबी समुद्रात एक बोट गेली. तिचं नाव तिलावा. टन १०,००६.

गेम खेळणाऱ्याला विचारा, दहा हजार टनांची बोट एकटी, सोबतीला विनाशिका नाही, अशी दिसली तर काय वाटतं. लॉटरी.

तिलावा ही ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची बोट. २० नोव्हेंबर १९४२ ला ती मुंबईहून निघाली, मोंबासा करत दक्षिण आफ्रिकेत दर्बानपर्यंत जायला. बोटीवर ९५८ माणसं. त्यात ७३२ प्रवासी, बाकी बहुतेक खलाशी. प्रवाशांत आफ्रिकेत दुकानदारी-नोकरी करणारी आपली माणसं, त्यांच्या बायका, पोरं. गुजराती कुटुंबं पुष्कळ. २३ तारखेच्या पहाटेआधी, काळोखात, सेशेल्स बेटांच्या ईशान्येला जपानी पाणबुडी आय-२९ ने टॉर्पेडो सोडला.

पहिला टॉर्पेडो लागला तेव्हा बोट लगेच बुडाली नाही. गडबड उडाली, लोक होड्यांत उतरले, काही पाण्यात पडले. थोड्या वेळाने बोट तरंगतेच आहे असं बघून काही जण परत वर चढले. कुणाचे पैसे राहिले होते, कुणाचे दागिने, कुणाचे कागद. आपल्याकडच्या कुणालाही हे समजेल. घर जळत असलं तरी माणूस पेटीसाठी आत जातो. तेवढ्यात दुसरा टॉर्पेडो लागला.

२८० माणसं गेली. वाचलेली दोन दिवस होड्यांवर, फळ्यांवर होती. मग ब्रिटिश युद्धनौका बर्मिंगहॅमने त्यांना उचललं आणि २७ नोव्हेंबरला मुंबईला परत आणलं. एका आठवड्यात जाऊन परत, मधल्या २८० जणांशिवाय.

आता यातली खरी अडचणीची गोष्ट. इथे काही जण माझ्यावर रागावतील, पण सांगायला पाहिजे.

आय-२९ हे नाव तुम्ही ऐकलंय. व्हॉट्सॲपवर दर २३ जानेवारीला येतं. नेताजी सुभाषबाबू आबिद हसन यांच्यासोबत ९ फेब्रुवारी १९४३ ला जर्मनीतल्या कील बंदरातून यू-१८० या पाणबुडीतून निघाले. एप्रिलच्या अखेरीस मादागास्करजवळच्या खवळलेल्या समुद्रात ते रबरी होडीतून एका जपानी पाणबुडीवर गेले आणि मे महिन्यात सुमात्राजवळच्या सबांगला उतरले. ती जपानी पाणबुडी म्हणजे हीच आय-२९. कप्तानही तोच, जुइची इझू. तिलावा बुडवून तिला पाच महिने झाले होते.

नेताजींचा यात दोष काढायचा असेल तर मला त्यात रस नाही. नोव्हेंबर १९४२ मध्ये ते जर्मनीत होते. पाणबुडी त्यांनी निवडलेली नव्हती. आणि त्या पाणबुडीने आधी काय केलं हे त्यांना कुणी सांगितलं असेल असं मानायला माझ्याकडे काहीच आधार नाही. शिवाय त्या वेळी जगातल्या कुठल्याही आरमाराच्या पाणबुडीत बसायचं म्हटलं तरी ती व्यापारी बोटी बुडवूनच आलेली असणार. यू-१८० ने तर नेताजी आत असतानाच, १८ एप्रिल १९४३ ला, कॉर्बिस नावाची इंग्रज तेलवाहू बोट बुडवली. माझा आक्षेप आपल्या पोस्टींवर आहे. आय-२९ आपल्याला फक्त एकाच प्रवासासाठी माहीत आहे. त्याच पाणबुडीने मुंबईहून निघालेल्या आपल्याच २८० च्या आसपास माणसांना मारलं, हे त्या पोस्टीत एका ओळीत लिहिता येईल. नेताजींचं मोठेपण त्याने तसूभर कमी होत नाही. पण ती ओळ मी आजवर एकाही पोस्टीत वाचली नाही.

तिलावावर प्रवासी होते, म्हणून निदान त्यांचे वंशज आठवण काढतात. २०२२ साली, ऐंशी वर्षांनी, त्यांनी मुंबईत जमून स्मरणाचा कार्यक्रम केला. पण बोटी चालवणारे जे खलाशी होते, त्यांचं काय?

युद्धाच्या सुरुवातीला इंग्रज व्यापारी बोटींवरचा साधारण दर चौथा माणूस हिंदुस्थानी होता. चाळीस-पन्नास हजार माणसं. इंग्रज त्यांना लास्कर म्हणायचे. मुंबईतून भरती होणाऱ्यांत डेकवर रत्नागिरी किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान आणि गुजरातचे खलाशी असायचे. इंजिनाच्या खोलीत कोळसा ओढायला पंजाब-सरहद्दीकडचे लोक. स्वयंपाक आणि वाढायला गोव्याचे. कलकत्त्याहून सिल्हेटचे. वरचा मुकादम म्हणजे सारंग. नोकरी त्याच्या हातात, आणि त्याला पैसे चारल्याशिवाय ती मिळायची नाही. (उसाच्या टोळ्यांचे मुकादम पाहिलेल्यांना हे नवीन नाही.) पगार गोऱ्या खलाशाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढा. १९३९ साली युद्ध पेटताच या लोकांनी इंग्लंडच्या बंदरांतच संप केला, की बॉम्ब आम्हालाही सारखाच लागतो, मग भत्ता वेगळा का? कित्येक जणांना तुरुंगात टाकलं. मग पगार थोडा वाढवावा लागला, कारण बोटी हलेनात.

टॉर्पेडो कुठे मारायचा हे गेम शिकवतो. इंजिनावर. बोट जागेवर थांबते. आता इंजिनाच्या खोलीत खाली कोण असायचं ते वर सांगितलंच आहे. पाण्याच्या पातळीखाली, भट्टीसमोर, वर यायला उभी लोखंडी शिडी.

युद्धात साडेसहा हजारांच्या आसपास हिंदुस्थानी व्यापारी खलाशी गेले. हजाराहून अधिक शत्रूच्या कैदेत पडले. हे सैनिक नव्हते. गणवेश नाही, बंदूक नाही.

एक उदाहरण देतो. सिटी ऑफ बनारस नावाची बोट १७ सप्टेंबर १९४० ला अटलांटिकमध्ये यू-४८ ने बुडवली. लंडनवर बॉम्ब पडत होते म्हणून सरकारने ९० मुलं कॅनडाला पाठवायला त्या बोटीवर बसवली होती. त्यातली ७७ मेली. इंग्लंड हादरलं, मुलांना परदेशी पाठवायची योजनाच बंद झाली. पुस्तकं लिहिली गेली, आजही त्या मुलांची आठवण काढली जाते, काढलीच पाहिजे. त्या बोटीवर दीडशेहून अधिक हिंदुस्थानी खलाशी होते. त्यातले शंभराच्या आसपास गेले. सप्टेंबरचा उत्तर अटलांटिक, अंगावर सुती कपडे. बारा नंबरची एक होडी आठ दिवस भरकटत राहिली आणि वाचली. तिच्यात ४६ माणसं होती. इंग्रजी गोष्टींमध्ये ती ‘सहा मुलांची होडी’ असते, कारण सहा मुलं तिच्यात होती. ४६ पैकी ३२ लास्कर होते.

हे वाचताना मला आमच्याकडचं २०१८ साल आठवतं. पांढरकवडा-राळेगाव भागात टी-१ वाघीण होती. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीच्या बाजूला तिला गोळी घातली. वाघिणीचं ‘अवनी’ हे नाव सगळ्या देशाला पाठ झालं, मोर्चे निघाले, कोर्टात प्रकरण गेलं. कापूस वेचायला, गुरं चारायला गेलेल्या त्या तेरा जणांची नावं आमच्या दोन-तीन तालुक्यांबाहेर कुणाला सांगता येतील? वाघीण मारायला नको होती असं म्हणणाऱ्यांशी मी भांडत नाही, त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण नावं कोणाची राहतात याचा माझा अनुभव हा असा आहे.

असो. परत समुद्रावर. खरा गेम अजून सांगायचाच आहे.

हो, खरा. १९४२ च्या जानेवारीत इंग्रज आरमाराने लिव्हरपूल बंदरात डर्बी हाउस नावाच्या इमारतीत एक खोली घेतली आणि गिल्बर्ट रॉबर्ट्स या अधिकाऱ्याच्या हाती दिली. त्याला आजारपणामुळे नौदलातून निवृत्त केलं होतं. त्याने जमिनीवर लिनोलियम अंथरलं, त्यावर चौकटी आखल्या, लाकडी बोटी मांडल्या आणि खडूने त्यांचे मार्ग काढायला सुरुवात केली. हाताशी आरमाराच्या महिला दलातल्या मुली, बऱ्याचशा विशीच्या आतबाहेरच्या. त्यांच्यातल्या काहींचं गणित पक्कं होतं. समुद्रावरून आलेल्या अधिकाऱ्याला कापडी पडद्यामागे बसवायचं. पडद्याला फट. फटीतून त्याला तेवढंच दिसणार जेवढं बोटीवरून दिसतं. पाणबुडीचा मार्ग हिरव्या खडूने, म्हणजे त्या फटीतून तो दिसायचा नाही. दर दोन मिनिटांची एक चाल.

पाणबुड्या काफिल्याच्या मधोमध असलेल्या बोटी कशा काय मारतात, हे कोडं कुणाला सुटत नव्हतं. सगळे समजत होते की हल्ला बाहेरून होतो. या मुलींनी आणि रॉबर्ट्सने जुन्या हल्ल्यांचे तपशील घेऊन ते फरशीवर पुन्हा खेळून पाहिले. उत्तर निघालं: पाणबुडी रात्री पाण्यावरून, मागच्या बाजूने, बोटींच्या रांगांच्या मधे शिरते. मागे कुणी बघतच नव्हतं. मग त्यावर डाव बसवला, त्याला नाव दिलं रास्पबेरी. ते जीन लेडलॉ या मुलीने सुचवलं. इंग्रजीत तोंडाने वेडावून दाखवायचा जो आवाज, तो हिटलरला. बडा ॲडमिरल मॅक्स हॉर्टन स्वतः पाणबुडीवाला होता. तो पाणबुडीच्या बाजूने खेळायला बसला आणि जॅनेट ओकेल नावाच्या तरुण मुलीकडून हरला. सुमारे पाच हजार अधिकारी त्या फरशीवर शिकून गेले. मे १९४३ मध्ये जर्मनीच्या चाळीसहून जास्त पाणबुड्या बुडाल्या आणि ड्योनिट्झने उत्तर अटलांटिकमधून उरलेल्या मागे घेतल्या. रडार, लांब पल्ल्याची विमानं आणि फोडलेल्या सांकेतिक लिपीचा त्यात मोठा वाटा, पण फरशीवरच्या खेळाचाही होता.

लिव्हरपूलचं नाव वऱ्हाडात नवीन नाही. आमचा कापूस तिथल्या बाजारात ‘उमरा’ म्हणून विकला जायचा, उमरावती म्हणजे अमरावतीवरून. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी झाली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं कोंडली, तिकडचा कापूस लिव्हरपूलला पोचेना आणि इथे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला. यादवी संपली, भाव कोसळला. म्हणजे समुद्रात बोटी अडवल्या की आमच्या पऱ्हाटीचं काय होतं, याचा धडा आमच्या खापर-पणज्यांनी कधीच घेतला होता. दुसऱ्या युद्धात उलटं झालं. आमच्या आखूड धाग्याच्या कापसाचं मोठं गिऱ्हाईक होतं जपान. १९४१ मध्ये जपानशी व्यापार तुटला, कापूस पडून राहिला, आणि सरकार म्हणू लागलं की कापूस कमी करा, धान्य पेरा. आमच्या रुईच्या गाठी घेणारं गिऱ्हाईक वर्षभराने मुंबईच्या बोटीवर टॉर्पेडो सोडत होतं.

त्या फरशीवरही एक गोष्ट खेळता येत नव्हती. १२ फेब्रुवारी १९४४. मोंबासाहून कोलंबोला जाणाऱ्या काफिल्यातली खेदिव इस्माइल ही बोट मालदीवजवळ जपानी आय-२७ ने बुडवली. दोन-तीन मिनिटांत बोट गेली. तेराशेच्या आसपास मृत्यू: पूर्व आफ्रिकेचे सैनिक, परिचारिका, बोटीवरचे खलाशी. जे वाचले ते पाण्यात पोहत होते, आणि पाणबुडी बरोबर त्यांच्या खाली लपली. पेटार्ड आणि पॅलाडिन या विनाशिकांपुढे प्रश्न: पाणबुडीवर पाणबॉम्ब टाकायचे, तर वरची माणसं मरणार. न टाकावे, तर तीच पाणबुडी काफिल्यातल्या उरलेल्या बोटींना गाठणार. त्यांनी टाकले. शेवटी पाणबुडी वर आली आणि बुडवली गेली. योग्य की अयोग्य, मी इथे पांढरकवड्यात खुर्चीवर बसून ठरवणार नाही.

आता चांदीची गोष्ट, कारण ती ताजी आहे. तिलावावर माणसांबरोबर चांदीच्या २,३६४ विटा होत्या. वजन सुमारे ६० टन, हे मात्र खरे वजनाचे टन. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने नाणी पाडायला घेतलेली चांदी. २०१७ साली एका खाजगी कंपनीने अडीच किलोमीटर खोल समुद्रातून ती वर काढली आणि इंग्लंडला नेली. मग खटला: बक्षिसी कोणाला किती? खालच्या दोन कोर्टांनी कंपनीची बाजू घेतली. ८ मे २०२४ ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला: सरकारी चांदी, व्यापारासाठी वापरात नव्हती, त्यामुळे दक्षिण आफ्रिकेवर दावा चालत नाही. पंचाहत्तर वर्षं समुद्राच्या तळाशी असलेली प्रत्येक वीट मोजता आली, तिचा मालक ठरवता आला. मला त्या वकिलांचा राग नाही. फक्त हे सगळं होताना त्या २८० जणांची यादी कुठल्या मराठी वर्तमानपत्रात आली असती तर बरं झालं असतं.

आणि हे जुनं झालं म्हणावं तर तसंही नाही. २३ डिसेंबर २०२३ ला केम प्लूटो ही तेलवाहू बोट सौदीहून मंगळूरला येत होती. गुजरातपासून दूर समुद्रात तिच्यावर ड्रोन आदळला. २१ खलाशी, त्यातले २० भारतीय. नशिबाने कुणी दगावलं नाही आणि बोट मुंबईला आली. पुढचे कित्येक महिने लाल समुद्रात व्यापारी बोटींवर क्षेपणास्त्रं पडत राहिली. बोटी आफ्रिकेला वळसा घालू लागल्या, भाडं वाढलं, आणि सुताच्या निर्यातीचे लोक चिंतेत पडले. टीव्हीवर भाड्याचे आकडे रोज दिसत होते.

आय-२९ चं पुढे काय झालं, तेही सांगून टाकतो. अमेरिकेने जपानी सांकेतिक संदेश वाचले होते. २६ जुलै १९४४ ला फिलिपिन्सच्या उत्तरेला सॉफिश या अमेरिकन पाणबुडीने तिला टॉर्पेडो मारले. एकच माणूस वाचला.

हिंदुस्थानी खलाशांची नावं मात्र आहेत. मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये १९३९-४५ च्या खलाशांची नोंदवही आहे, तशीच दुसरी प्रत चितगावला. व्यापारी बोटींवरचे सहा हजारांहून अधिक आणि त्या वेळच्या भारतीय नौदलाचे चारशेच्या आसपास. कॉमनवेल्थच्या युद्धस्मृती आयोगाच्या वेबसाइटवरही ती शोधता येतात: नाव, हुद्दा, बोट. शोधताना एक लक्षात ठेवा, इंग्रज कारकुनाने ऐकलं तसं लिहिलंय. एकाच नावाची चार स्पेलिंगं करून बघा.

कोकणात, गोव्यात, मुंबईत ज्यांची सोयरीक आहे त्यांनी घरच्या म्हाताऱ्यांना एकदा विचारा. कुणाचे आजोबा, चुलत आजोबा ‘बोटीवर’ होते आणि ४०-४५ च्या दरम्यान परत आले नाहीत, असं असेल तर नाव, गाव आणि बोटीचं नाव कमेंटमध्ये लिहा. बोटीचं नाव माहीत नसेल तरी चालेल, साल लिहा.